अडतीस की एकोणचाळीस

टाचेमागची कापडी फीत तर्जनीत इतकी रुतली होती की बोटाचं टोक पांढरं पडलं, आणि तरी टाच काही आत जाईना. नंबर अडतीस. रस्त्यावरचे बूट चाळिसाचे, म्हणजे दोन नंबर लहान, इमकेनं सांगितले होते तसे. फ्राउकेनं श्वास रोखून शेवटचा हिसका दिला आणि पाय आत गेला... गेला कसला, कोंबला गेला. पाचही बोटं एकमेकांच्या अंगावर चढून बसली. दुखतंय. पण हे दुखणं बरोबर की चूक? चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला स्वतःच्या पायाचं एवढंही कळू नये म्हणजे कमाल झाली!

"दुखत नाहीत ते चढायचे बूट नव्हेत, घरातल्या सपाता," इमके बुधवारी म्हणाली होती, सगळ्यांच्या देखत. वीस वर्षांपासूनची मैत्रीण, तिला बोलायचा हक्कच आहे. नवरा, हेनिंग, घर सोडून गेला तेव्हा तिनंच फ्राउकेला ओढत त्या चढाईच्या भिंतीपाशी नेलं — दोर नाही, काही नाही, चार मीटर चढायचं आणि पडलं तर खाली जाड गादी — म्हणाली, चढ, रडणं थांबेल. आणि थांबलंही, खोटं कशाला बोला. दोन वर्षं झाली त्याला. आठवड्यातल्या बाकीच्या संध्याकाळी फ्राउकेच्या आणि रेडिओच्या. बुधवार तेवढा माणसांचा. आता ती बुधवारची मंडळी अवघड निळ्या पकडींवर गेली होती, आतल्या दालनात, जिथे भिंत डोक्यावर झुकते, आणि ही अजून बाहेर सोप्या पिवळ्यांवर, कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाच्या गलक्यात. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. तो आवाज आला की ही चढता चढता थांबून तिकडेच बघत राहायची. "तुझे ते नवशिक्यांचे बूट आधी फेक, मग बघ," इमके म्हणाली. मग बघ... आणि बघितलं, आणि तरी पडले तर? आजवर खापर बुटांवर फोडता येत होतं. नवे घेतल्यावर कुणावर फोडायचं? मग उरते ती मीच ना.

"उभी राहा की," दुकानातली बाई म्हणाली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, हेड्डा. साठी उलटलेली, खांदे मात्र सुतारासारखे.

फ्राउके उभी राहिली आणि तिचं तोंडच वाकडं झालं. "सैल होतील ना?"

"चामड्याचे असते तर थोडे झाले असते. हे नाही व्हायचे. नंबर कुणी सांगितला?"

"मैत्रिणीनं."

"मग मैत्रीणच घालणार आहे का?"

फ्राउके हसली, हसायचं कारण नव्हतं तरी. हेड्डानं पायातली सपात काढली, मोजा ओढला आणि पाऊल सरळ बाकावर ठेवलं. अंगठा आडवा कलंडलेला, बाजूला हाडाचं टेंगूळ. "तीस वर्षांच्या चढाईची कमाई. आमच्यात दुखतंय म्हणायची सोयच नव्हती. जितकं दुखेल तितकं चढता येतं, असं वाटायचं. मूर्ख होतो, दुसरं काय!"

"मग बरोबर कुठला, ते ओळखायचं कसं?"

"ते मला काय विचारतेस बाई? पाय तुझा."

हे म्हणजे फारच झालं. तिला रागच आला. केस किती कापायचे, वकील कुठला करायचा, दिवाणखान्यातला सोफा ठेवायचा की काढायचा... सगळं कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते बरंही वाटलं होतं. आणि ही बाई विकायला बसलीय आणि म्हणते, पाय तुझा!

हेड्डानं तिच्या डाव्या पायात एकोणचाळीसचा नवा चढवला, उजव्यात फ्राउकेनं सोबत आणलेला तिचाच जुना चढायचा बूट घातला आणि कोपऱ्यातल्या चाचणीच्या भिंतीकडे बोट केलं. हातांना दोन पकडी, पायाला एक, बिस्किटाच्या कडेएवढी. फ्राउके आधी डाव्यावर उभी राहिली. बोटं दुमडली, पण दुखली नाहीत. बुटाची कड घट्ट बसली. छान. मग उजवा, जुना. आतल्या आत अंगठा हलला, पोटरी थरथरली... पण पाय टिकला. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा टिकला.

टिकला? मग बुधवारी काय होतं? "पाय घसरला," असं गादीवरून उठताना ती दर वेळी म्हणायची, आणि इमके म्हणायची, "बूट!" पण घसरायच्या आधी... आधी खालून हाका असायच्या — डावा, फ्राउके, डावा! अगं तो नव्हे! सोड, सोड, नाही जमायचं, पडशील! — आणि मी सोडायचे. पाय जागेवर असायचा. हात मी उघडायचे. ती काळजीनंच ओरडायची. काळजीनंच ना? आणि मी सोडायचे ते भीतीनं, की तिचं म्हणणं खरं ठरावं म्हणून?

बाकावर फोन थरथरला. "कुणी इमके आहे," हेड्डा म्हणाली. "लिहिलंय, अडतीसच घे."

"राहू दे."

"मग एकोणचाळीस देऊ बांधून?"

फ्राउके अजून चाचणीच्या भिंतीवरच होती, दोन्ही पकडी धरून. बुधवारी इमकेला काय सांगायचं, आपल्याला त्या निळ्या पकडी हव्यात की नुसतं ते हसणं, काही म्हणता काही कळत नव्हतं. आणि इमकेशिवाय बुधवार तरी कसला? दुकानात शिरताना होती त्याहून जास्त भीती आता वाटत होती. पण खालून कुणी ओरडत नव्हतं, आणि हात काही सुटत नव्हते.