चांद्याची कॉर्डेल

जुन्या गिटारींमधलं शैलेशला फार कळतं, असं खुद्द शैलेशचं मत होतं. मूळचा वाशीमचा, वीस वर्षं हिंजवडीत नोकरी, राहायला सूसला अकराव्या मजल्यावर. पगारासाठी तो बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा आणि उरलेल्या वेळात इतरांच्या गिटारींमधल्या. 'जुन्या तारा' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी हौसेनं आपल्या नव्या खरेदीचा फोटो टाकला, की शैलेश तो बोटांनी मोठा करून बघे आणि रंग मूळचा नाही, मान दुसऱ्याच गिटारीची आहे, असं काहीतरी लिहून त्या माणसाचा रविवार नासवे. यामुळे ग्रुपवर त्याला मान होता. त्यानं स्वतः हाताळलेली जुनी गिटार आयुष्यात एकच, आणि तीही दुकानदारानं दोन मिनिटांत त्याच्या हातातून काढून घेतली होती, हे ग्रुपला माहीत नव्हतं. बाकीची विद्या त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून मिळवली होती.

त्याची बायको उत्कर्षा दातांची डॉक्टर. सूसमध्येच तिचा दवाखाना. एके दिवशी तिच्याकडे जवळच्या चांदे गावच्या सारजाबाई कवळीचं माप द्यायला आल्या. जबडा सुटेपर्यंत गप्प बसावं लागल्यामुळे असेल, पण सुटल्यावर त्या भरभरून बोलल्या. त्यांचे मालक, नथू, पूर्वी पुण्यात एका ऑर्केस्ट्रात होते, मग गावाकडे येऊन बँजो पार्टीत वाजवायचे. ते गेले त्याला बारा वर्षं झाली. त्यांची गिटार अजून माळ्यावर होती. आतून पोकळ, पोटावर दोन लांबट भोकं आणि वायर लावायची सोय. आता माळ्याच्या खोलीतही भाडेकरू ठेवायचा होता, म्हणून ती कुणाला तरी द्यायची होती.

उत्कर्षानं हे जेवताना सहज सांगितलं. शैलेशनं हातातली भाकरी खाली ठेवली. पोकळ पेटीची, विजेवर वाजणारी जुनी गिटार म्हणजे त्या ग्रुपवरच्या माणसांचा कोहिनूर. आपण हे का बोललो, असं उत्कर्षाला त्याच क्षणी वाटलं, पण वेळ निघून गेली होती.

शनिवारी सकाळी तो चांद्याला पोचला. सारजाबाईंचं घर तीन मजल्यांचं. वरच्या दोन मजल्यांवर कंपन्यांत जाणारी पोरं भाड्यानं राहत, त्यांचे टॉवेल कठड्यावर वाळत होते. खाली ओट्यावर सारजाबाईंनी धुतलेल्या चादरीवर गिटार आणून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंचा नवरा म्हणून त्या त्याला दाजी म्हणाल्या, चहा टाकला आणि समोर बसल्या.

शैलेशनं बॅग उघडली. तिच्यात टॉर्च, भिंग, मोजपट्टी, पांढरे हातमोजे आणि बायकोच्या दवाखान्यातून न विचारता आणलेला, लांब दांडीचा छोटा आरसा होता. हातमोजे चढवताना त्याला स्वतःचा अभिमान वाटला. सारजाबाईंना मात्र काळजी वाटली. "धुतलीय मी ती चादर," त्या म्हणाल्या.

भोकातून टॉर्च मारला तर आत लेबल. कॉर्डेल कंपनी, अमेरिका, चार आकडी नंबर. शैलेशच्या तोंडाला पाणी सुटलं. या नंबराच्या गिटारी एकोणीसशे बासष्टच्या, हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्यानं आवाज शक्य तितका उदास ठेवून, बघू या, असं म्हटलं.

"त्याचं काय झालं दाजी," सारजाबाईंनी सुरुवात केली, "पिरंगुटच्या घाटात आमचा टेम्पो—"

"मावशी, एक मिनिट हं. नंबर वाचतोय."

त्या थांबल्या. शैलेशनं नंबर तीनदा वाचला. मग बाजूला वायर खुपसायच्या भोकाची कड भिंगाखाली धरली. लाकडाचे तीन पातळ थर एकावर एक चिकटवलेले स्पष्ट दिसत होते. त्यानं नाक लावून वासही घेतला.

"पाठ बघितली व्हय?" सारजाबाईंनी पुन्हा धीर केला. "पाठीचं आमच्या गेणबानं—"

"पाठीचं मी सांगतो तुम्हाला," शैलेश म्हणाला, आणि त्यानं खरोखरच सांगितलं. अमेरिकेतल्या कारखान्यात मेपल लाकडाचे तीन थर कसे दाबून बसवत, ते दाबाचं यंत्र किती टनांचं होतं, आणि असे थर जगात दुसरीकडे कुणाला का जमले नाहीत, हे सगळं त्यानं दहा मिनिटं समजावलं. सारजाबाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. शेवटी "व्हय का," एवढंच म्हणाल्या आणि चहा ओतायला उठल्या.

त्यांनी सांगितलेली किंमत इतकी कमी होती की शैलेशला लाज वाटली. लाजेखातर त्यानं वर थोडे घातले, आणि थोडेच घातले म्हणून त्याला पुन्हा लाज वाटली. घरी येईपर्यंत दोन्ही लाजा ओसरल्या होत्या.

त्यानंतर त्यानं अहवाल लिहिला. अकरा पानांचा. 'लाकूड' या मथळ्याखाली दोन पानं होती. त्यात उत्तर अमेरिकेतल्या मेपलचे थर, साठ वर्षांत पिकलेलं लॅकरचं पॉलिश आणि त्याला येणारा किंचित तुरट वास यांचं वर्णन होतं. पाठीच्या आवाजाला त्यानं 'कारखान्याच्या सुवर्णकाळाची ग्वाही' असं म्हटलं होतं. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. बंगळूरच्या एका संग्राहकानं किंमत विचारली. फक्त नाशिकचे जनार्दन, निवृत्त इंजिनियर आणि ग्रुपवर शैलेशहून जास्त खवट असलेला एकमेव माणूस, यांनी लिहिलं की पुढच्या फळीच्या आतल्या अंगाचा फोटो दिसत नाही. तो असल्याशिवाय आपण काही बोलणार नाही.

आतल्या अंगाचा फोटो काढायला आरसाच हवा. रविवारी सकाळी शैलेशनं गिटार सरळ दवाखान्यात नेली, पेशंटच्या खुर्चीवर आडवी केली, वरचा मोठा दिवा लावला आणि भोकातून आरसा आत सारला. फळीच्या आतून पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. वळणदार, अनोळखी, गाठी मारल्यासारखी अक्षरं. त्यानं आरशाचा फोटो काढला.

हे कारागिराचं गुप्त चिन्ह असणार, यात त्याला शंका नव्हती. त्या काळी अमेरिकेतल्या कारखान्यांत युरोपातून आलेले कारागीर असत, आणि त्यातल्या एकानं आपल्या भाषेत सही केली होती. त्यानं तसं ग्रुपवर लिहिलं. तासाभरात ग्रुप पेटला. कुणी आर्मेनियन म्हणालं, कुणी जॉर्जियन. कोल्हापूरच्या एकानं हे हिब्रू असावं असं सांगून, लिपी उजवीकडून डावीकडे वाचा, असा सल्ला दिला. नंतर विचार केला तर तेवढा सल्ला बरोबर होता. जनार्दननीसुद्धा 'अतिशय दुर्मिळ' असं लिहिलं. त्यांच्याकडून आलेला हा पहिला चांगला शब्द शैलेशनं उत्कर्षाला दाखवायला नेला आणि सोबत फोटोही.

उत्कर्षा रोज आठ तास आरशातच बघून काम करते. मागच्या दाढा तिला कायम उलट्याच दिसतात आणि डोकं त्या आपोआप सुलट करून घेतं. तिनं फोटोकडे एकदा पाहिलं आणि भाजीचं बिल वाचावं तसं वाचून दाखवलं.

"नवी पाठ बसिवली. गेणबा सुतार, चांदे. चौदा मे शहाऐंशी." मग ती म्हणाली, "माझा आरसा का नेला होतास?"

ग्रुपवरचा लिपीचा वाद शैलेशनं तसाच चालू दिला. बंगळूरच्या माणसानं किंमत वाढवली. शैलेशनं त्याला 'विकायची नाही' असं कळवलं, आणि हा प्रामाणिकपणा आहे असं क्षणभर स्वतःला पटवूनही पाहिलं. खरं कारण असं, की तो माणूस स्वतःचा आरसा घेऊन येईल अशी त्याला भीती होती.

मग तो चांद्याला गेला. वाटेत गाडीत त्यानं वाक्यं तयार केली होती. मावशी, व्यवहारात पारदर्शकपणा असावा लागतो, असं पहिलं वाक्य होतं. सारजाबाई नव्या कवळीची सवय करत ओट्यावर शेंगदाणे चघळत बसल्या होत्या. त्यानं गेणबाचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "दोनदा सांगाया घेतलं मी. तुमी म्हनला, पाठीचं मी सांगतो. म्हनलं, शिकलेला मानूस हाय, त्येला आपल्यापरीस जास्त ठावं आसंल."

मग त्यांनी स्वतःहूनच पैसे परत हवेत का, म्हणून विचारलं. शैलेश त्यासाठीच आला होता. "नाही नाही," तो म्हणाला, "सहज इकडून चाललो होतो." सूसहून चांद्याला सहज कुणी कुठे चाललेलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. सारजाबाईंनी तेवढी लाज राखली आणि गेणबाचं घर कुठं ते सांगितलं.

गेणबा ऐंशीच्या घरात. पोरांनी स्वयंपाकघरातली कपाटं बनवायचं दुकान टाकलेलं, म्हातारा त्याच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाला बसलेला. कान जवळजवळ गेलेले. शैलेशनं गिटार त्याच्या मांडीवर ठेवली तेव्हा त्यानं ती पालथी केली आणि कलिंगड घेताना मारतात तशी पाठीवर टिचकी मारली.

"टिकली की," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, आणि या वेळी शैलेश मध्ये बोलला नाही. बोलला असता तरी गेणबाला ऐकू गेलं नसतं. लग्नाची सुपारी वाजवून येताना पिरंगुटच्या घाटात टेम्पो कलंडला आणि कर्ण्याचं खोकं गिटारीवर पडलं. पुढची फळी आणि मान तेवढी वाचली. पाठ आणि कडा यांचा भुगा. नथू ते तुकडे गोधडीत बांधून गेणबाकडे घेऊन आला आणि जेवला नाही. गेणबानं तोवर नांगर केले होते, दारं केली होती, डफाची कडी वाकवली होती. गिटार त्यानं जवळून कधी पाहिली नव्हती.

"वाण्याकडनं चहाची मोकळी खोकी आनली," तो म्हणाला. "त्येचं लाकूड पातळ आस्तंय, तीन पदरी. वाफंवर वाकवलं. तीन खोकी मोडली तवा चौथं वळलं. आतला नंबराचा कागद सारजीनं कणकंच्या खळीनं परत चिकटवला."

शैलेशला आपली लाकडावरची दोन पानं आठवली. मेपल. यंत्राचा टनांतला दाब. तुरट वास. त्याचे कान तापले.

"वाजवा," गेणबा म्हणाला.

हे शैलेशच्या डोक्यात आलं नव्हतं. गिटार घेतल्यापासून त्यानं ती मोजली होती, हुंगली होती, तिचे दोनशे फोटो काढले होते. वाजवली नव्हती. त्यानं मान धरली आणि एक कॉर्ड छेडली, मग दुसरी, मग बोटं शोधत शोधत तिसरी. गेणबानं आपला पंजा गिटारीच्या पाठीला लावला होता. डोळे मिटून तो हातानं ऐकत होता. तारा जुन्या होत्या, वाजवणारा यथातथा होता, पण आवाज भरलेला, गोल, बाहेरून दुकानात शिरणारा होता. आतून कपाटं ठोकण्याचा आवाज थांबला.

"म्होरं?" गेणबानं डोळे उघडले.

"एवढंच येतं, बाबा," शैलेश त्याच्या कानाशी वाकून म्हणाला. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, उत्कर्षालासुद्धा. तिला अर्थात माहीत होतं.

"मंग त्येच परत वाजवा," गेणबा म्हणाला. "मला कुटं ऐकू येतंय."

शैलेशनं तेच परत वाजवलं. मग आणखी एकदा. गेणबाचा हात पाठीवर तसाच होता. चाळीस वर्षांपूर्वी आतल्या पट्ट्या किती जाड ठेवायच्या, हे त्यानं निव्वळ अंदाजानं ठरवलं होतं. नथू म्हणायचा झकास झाली, पण मित्र म्हणून म्हणत असेल, अशी शंका त्याच्या मनात राहून गेली होती. आज त्यानं हात काढताना मान डोलावली.

त्या संध्याकाळी शैलेशनं ग्रुपवर सगळं लिहिलं. चहाची खोकी, कणकेची खळ, आरसा, आर्मेनियन. काहीच वगळलं नाही. वगळायचा मोह झाला तो फक्त हातमोज्यांच्या बाबतीत, पण तेही लिहिलं. पुढचे दोन दिवस ग्रुपला दुसरा विषय नव्हता. ज्यांचे ज्यांचे रविवार त्यानं नासवले होते, त्या सगळ्यांनी हिशेब चुकते केले. बंगळूरचा माणूस निरोप न घेता ग्रुपमधून गेला. जनार्दननी 'अतिशय दुर्मिळ' हे आपलं वाक्य पुसून टाकलं आणि आठवडाभरानं खासगीत विचारलं की हे गेणबा अजून काम घेतात का, कारण त्यांच्या एका गिटारीची पाठ सुटली आहे. गेणबानं नकार दिला, पण जनार्दन एका रविवारी नाशिकहून आलेच. दोघं दुकानाबाहेर दोन तास बसले आणि शैलेशला कुणी काही विचारलं नाही.

अहवाल आता अर्ध्या पानाचा आहे. त्यात एवढंच आहे: पुढची फळी आणि मान कॉर्डेलची, १९६२. पाठ आणि कडा गेणबा सुताराच्या, चांदे, १९८६. आवाज चांगला. 'चांगला' हा शब्द लिहायला शैलेशला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण त्यासाठी कुठला व्हिडिओ नव्हता.

परवा ग्रुपवर साताऱ्याच्या कुणीतरी नवी घेतलेली जुनी गिटार टाकली आणि शैलेशचं मत विचारलं. त्यानं लांबलचक काही टाइप केलं, ते पुसलं आणि लिहिलं, "ज्यांच्याकडून घेतली त्यांना विचारा, आणि ते बोलत असताना गप्प बसा." स्वतःवर खूश होऊन त्यानं फोन बाजूला ठेवला. दोन मिनिटं कळ काढली. मग राहवेना, म्हणून फोन पुन्हा उचलला आणि खाली भर घातली की आवाजाचं बटण मात्र नंतर बसवलेलं वाटतंय.