सांगायची राहिलेली खोड

तिसगावात घर विकायचं म्हटलं की लोक गहिनीनाथाचं नाव सांगत. खरं तर तो बैलांचा दलाल. उभी हयात बाजारात गेलेली. बैलाचा जबडा उघडून दात बघायचे, दहा पावलं चालवून चाल बघायची आणि उपरण्याखाली घेणाऱ्याचा हात धरून बोटांनी भाव ठरवायचा, हे त्याचं काम. पण अलीकडे गाव रस्त्याच्या अंगाने वाढायला लागलं होतं, धंद्यापाण्याची माणसं येऊन घरं विचारू लागली होती. तसा गहिनीनाथ घरांच्या व्यवहारातही पडला. रीत मात्र त्याने तीच ठेवली. घर बघायला आला की आधी भिंतीवर काठीने टकटक करी, मग मान वर करून तुळया बघे आणि विचारी, "ह्याला काय खोड हाय का?"

एकाहत्तर सालच्या फाल्गुनात तो मालनबाईंच्या घरी आला तेव्हाही त्याने तेच विचारलं.

"खोड कसली, भावजी," मालनबाई म्हणाल्या. "पावसात मागच्या कोपऱ्याला जरा गळतं."

"ती खोड न्हाई, ती सवय. समद्याच घरांना असती." त्याने आणखी एकदा भिंत वाजवली. "घर दमदार हाय. वैनी, पर इकून जानार कुठं तुमी?"

"कुठंच न्हाई. मागली पडवी मला ठेवायची. पुढचं समदं द्यायचं. मी हाय तवर पडवीत राहीन, मग तीबी त्यांचीच."

गहिनीनाथाने उपरण्याने तोंड पुसलं. अशा अटीने भाव पडतो, हे त्याला सांगावंसं वाटत होतं. पण मालनबाईंच्या मालकांशी त्याची जुनी ओळख होती, ते जाऊन पाच वर्षं झाली होती, पोटी मूलबाळ नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "बघू. गिऱ्हाईक कसं पाहिजे?"

"लेकुरवाळं बघा."

बाकीचं मालनबाईंनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

गोष्ट अशी होती की लग्न होऊन आल्या वर्षापासून त्यांचं रविवारचं व्रत होतं. इतर नेम पुष्कळ होते. एकादशी, सोमवार, पहाटेचं नामस्मरण. पण रविवार सगळ्यांत जुना. त्या दिवशी नहायचं, पाटावर रक्तचंदनाने सूर्य काढायचा, अर्घ्य द्यायचं, नैवेद्य करायचा आणि मग कहाणी सांगायची. कहाणी नुसती म्हणून भागत नाही, ती कुणाला तरी सांगावी लागते. ऐकणारीने मुठीत अक्षता धरायच्या, हुं हुं करायचं, आणि कहाणी पुरी झाली की मग सांगणारीने जेवायचं. बावीस वर्षं शेजारच्या छबूबाईंनी त्यांची कहाणी ऐकली. तीच ती कहाणी, पण छबूबाई दर वेळी नवी असल्यासारखं हुं म्हणत. गेल्याच्या गेल्या दिवाळीत त्या लेकाकडे राहुरीला कायमच्या गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप लागलं. दुसऱ्या अंगाला कांद्याची वखार होती.

कुणी नसलं तर समोर सुपारी मांडावी आणि तिला सांगावं, अशी सोय आहे. मालनबाईंनी सुपारी मांडली. सुपारी ऐकते, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. पण ती हुं म्हणत नाही. मग मालनबाई मध्येच थांबत, आपण कुठवर आलो ते त्यांना आठवत नसे, आणि त्या पहिल्यापासून सुरू करीत. एकेका रविवारी दुपार टळून जाई. कधी ताट तसंच झाकून ठेवून त्या आडव्या होत. दर रविवारी कुणाच्या दारात जाऊन हाक मारायची? एकदोनदा मारली. कुणाचं दळण असे, कुणाला खुरपायला जायचं असे. म्हणून त्यांनी ठरवलं, घरातच माणसं आणावीत. घर माणसांना द्यावं आणि आपण त्यांच्यात राहावं.

चैत्रात गहिनीनाथ गिऱ्हाईक घेऊन आला. उत्तमराव नावाचा शिंपी होता, मिरजगावचा. भाऊ वेगळे झाले होते, आपला वाटा घेऊन तो इकडे दुकान टाकायला आला होता. बरोबर बायको भिमाबाई, एक चारपाच वर्षांची पोर आणि एक काखेत. मालनबाईंनी दाराआडून त्या पोरीकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर उभी राहून दोन्ही पायांनी आत-बाहेर उड्या मारत होती.

उत्तमरावाला घर पसंत पडलं. पडवीची अट ऐकून मात्र त्याने मान हलवली.

"म्हातारं मानूस मागं ऱ्हानार म्हंजे लई आवघड हाय. उद्या कटकट, भांडान. बायकांचं तुमाला म्हाईत हाय."

इथे गहिनीनाथाने आपलं कसब लावलं. बैल दाखवताना खोड असेल तिकडची बाजू भिंतीला लावून उभा करायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. तो आवाज खाली घेऊन म्हणाला, "कटकट? आवो, ही बाई म्हंजे देवघरातली समई. दिसभर जपात आसती. सोवळं कडक. तिला मानसाचा आवाज खपत न्हाई. तुमी फकस्त पोरंबाळं मागल्या अंगाला जाऊ देऊ नका, तिच्या सोवळ्याला धक्का लागू देऊ नका. मग घरात कुनी हाय का न्हाई, तुमाला पत्ता लागायचा न्हाई."

मालनबाई दाराआडच होत्या. हे तसं नाही, असं म्हणायला त्यांचे ओठ हलले. पण मोठ्याने बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि खोटं तरी त्यात काय होतं? जप होता, सोवळं होतं. शिवाय व्यवहार मोडला तर ती पोर उंबऱ्यावरून निघून जाईल, असं त्यांना वाटलं. त्या गप्प राहिल्या.

उत्तमरावाचा हात उपरण्याखाली गेला. बराच वेळ कापड हललं. मग गहिनीनाथ आतल्या दाराशी आला. "वैनी, तुमचा हात काय मला उपरन्याखाली धरता यायचा न्हाई," म्हणत त्याने खडूने उंबऱ्यावर ठरलेल्या भावाच्या रेघा ओढल्या. मालनबाईंनी त्या मोजल्या नाहीत. हो म्हणाल्या.

पाथर्डीला जाऊन खरेदीखत झालं, आणि अक्षय्यतृतीयेला बिऱ्हाड आलं. पत्र्याच्या पेट्या, पाळणा, शिवणाचं मशीन. मालनबाई पडवीत बसून एकेक आवाज ओळखत होत्या. दुपारी पोरगी मधल्या दारातून डोकावली. मालनबाईंनी तिला खुणेने बोलावलं, शेंगदाण्यांचा डबा काढला, तोवर भिमाबाईने धावत येऊन तिला दंडाला धरून मागे ओढली.

"तिकडं जायचं न्हाई म्हनून सांगितलं हुतं ना? मावशी सोवळ्यात हायेत."

संध्याकाळी भिमाबाईने पुरणपोळी आणली. आत आली नाही. ताट उंबऱ्यावर ठेवलं, पदराने तोंड झाकून हलकेच म्हणाली, "मावशी, शिवले न्हाई मी कशाला," आणि गेली.

बाई मनाने फार चांगली होती, हाच सगळा घोळ होता. मालनबाईंच्या हंड्याजवळून जाताना ती लुगड्याचा घोळ आवरून घेई. धाकटं रडलं की त्याला घेऊन लांब रस्त्यावर जाई. आठ दिवसांत उत्तमरावाने बाजारपेठेत एका कोपऱ्यात भाड्याने जागा घेतली आणि पुढच्या खोलीतलं मशीन उचलून तिकडे नेलं. म्हातारीच्या जपात खडखड नको म्हणून. ज्येष्ठात त्याने मधल्या दाराला पलीकडून कडी बसवली. पोरगी चुकून जायला नको.

आधी घर रिकामं होतं म्हणून शांत होतं. आता भरलेलं घर त्यांच्यासाठी गप्प बसत होतं. पलीकडे भाकरी थापल्याचं ऐकू येई, मग कुणीतरी हसायला लागे, आणि हसू मध्येच दाबलेलं कळे. मालनबाईंना वाटे, आपण या घरात आजारी माणूस झालो आहोत.

एका रविवारी त्यांनी धीर केला. पाट मांडून, अक्षता वाटीत घेऊन त्या दाराशी गेल्या आणि हाक मारली, "भिमाबाई."

"आवाज झाला व्हय, मावशी?" पलीकडून घाबरा आवाज आला. "थांबा, गप करते हिला." आणि फटका ऐकू आला. पोरगी रडली नाही. तिला रडायचं नाही हेही शिकवलेलं होतं.

मालनबाई अक्षतांची वाटी घेऊन परत आल्या. त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही.

श्रावण लागला. पाऊस नावालाच होता त्या वर्षी. श्रावणातला पहिला रविवार म्हणजे त्यांच्या व्रताचा मोठा दिवस. त्या दिवशी कहाणी चार वेळा सुरू झाली आणि चार वेळा अडली. शब्द पाठ होते, पण सुपारीकडे बघून घशातून निघेनात. सूर्य मावळला. मावळल्यावर त्या जेवत नसत. उपास घडला.

सोमवारी सकाळी त्या गहिनीनाथाच्या घरी गेल्या. तो ओट्यावर कासरा वळत बसला होता.

"या वैनी. घर गळाया लागलं का?"

"भावजी, तुमी इकताना खोड लपवली."

"कुनाची?"

"माझी."

गहिनीनाथ हसला. त्याला वाटलं, बाई कधी नव्हे ती थट्टा करते आहे. मग त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि कासरा खाली ठेवला.

"येव्हार झाल्यावर खोड सांगितली तर बैल माघारी येतो, वैनी. आजवर मी असं केलं न्हाई."

"घर माघारी आलं तर येऊ द्या. पण तुमी सांगितलं हुतं, तुमीच जाऊन सांगा. माझं त्यांना खरं वाटायचं न्हाई."

"पर हाय काय खोड?"

मालनबाई ओट्याच्या कडेला बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मला एकटीला जेवान जात न्हाई," त्या म्हणाल्या. मग रविवारचं सगळं सांगितलं. छबूबाईंचं, सुपारीचं, कालचं.

गहिनीनाथाने सुटत चाललेला कासऱ्याचा पीळ पुन्हा घट्ट केला. मग म्हणाला, "हे आदी सांगायचं व्हतं. मी इचारलं नव्हतं का?"

"तुमी खोड घराची इचारली हुती."

त्याच संध्याकाळी तो उत्तमरावाकडे आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला, पाऊस कसा लांबला ते बोलला. मग एकदम म्हणाला, "उत्तमराव, तुमाला घर देताना एक गोष्ट सांगायची राह्यली. बाईला खोड हाय."

उत्तमरावाचा चेहरा उतरला. "म्हंजे काय? बाहेरचं-बिहेरचं लागतं का काय?"

"तसलं न्हाई. ऐतवारी कहानी सांगती. कुनी ऐकल्याबिगर जेवत न्हाई. आन तिला मानसाचा आवाज लागतो. मी उलटं सांगितलं हुतं."

मधल्या दाराशी भिमाबाई उभी होती. धाकटं तिच्या कडेवर झोपलेलं होतं. "आवाज लागतो?" ती म्हणाली. "आन मी इतकं दिस ह्या पोरीला फटके देती, गप बस म्हनून?"

"तुमीच म्हनला हुता," उत्तमराव गहिनीनाथाला म्हणाला. "मशीन नेलं मी बाजारात. भाडं भरतोय फुकटचं."

"म्हनलो हुतो. इकायचं म्हंजे म्हनावं लागतं." गहिनीनाथाने उपरणं खांद्यावर टाकलं. "न्हाई पटलं तर बोला. मी दलाली माघारी देतो."

दाराच्या पलीकडे मालनबाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने कडी निघाल्याचा आवाज आला. पण दार कुणी उघडलं नाही. इतके महिने ज्या दाराला भ्यायचं, ते एकदम कसं उघडायचं, हे भिमाबाईलाही कळत नसावं.

आठवडाभर असंच गेलं. पोरगी दार ढकलून दोनदा डोकावून गेली, पण आत आली नाही. मालनबाईंनीही बोलावलं नाही; आता आपण मागितलं, देणं त्यांच्याकडे आहे.

रविवारी पाट मांडला, सूर्य काढला. सुपारी मांडू की नको, असं त्या हातात धरून बसल्या होत्या, तेव्हा भिमाबाई आली. नहाऊन आली होती, केस ओलेच होते.

"मावशी, मला काय म्हनायचं असतं ते येत न्हाई."

"नुसतं हुं म्हनायचं."

"आन पोराला घेऊन बसलं तर चालतं का?"

"चालतं."

मालनबाईंनी तिच्या मुठीत अक्षता दिल्या. धाकटं तिच्या मांडीवर पीत होतं. कहाणी सुरू झाली. पहिल्या दोन वाक्यांना भिमाबाई फार मोठ्याने हुं म्हणाली, जणू कुणी हजेरी घेतो आहे. मग तिला लय सापडली. मालनबाईंचा आवाज आधी कापत होता, तो स्थिरावला. त्या अडल्या नाहीत. अर्धी कहाणी झाली असेल, तेव्हा हुंकार जरा उशिराने आला. पुढचा त्याहून उशिराने. मग आलाच नाही.

मालनबाईंनी वर बघितलं. भिमाबाई भिंतीला टेकून झोपली होती. पहाटे उठून पाणी आणलेलं, दळलेलं, रात्रभर धाकट्याने जागवलेलं. ओठ उघडे होते. मूठ मांडीजवळ मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून दोनतीन दाणे जमिनीवर आले होते.

उठवावं का? मालनबाईंना शास्त्र माहीत होतं. ऐकणारीने ऐकलं पाहिजे. पण त्यांनी आवाज आणखी खाली घेतला आणि उरलेली कहाणी त्या झोपलेल्या बाईला सांगितली, शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकवता. हुं कुणी म्हणालं नाही. पलीकडे पोरगी स्वतःशी मोठमोठ्याने काहीतरी मोजत होती, आणि तिला कुणी गप करत नव्हतं.

नैवेद्याचं ताट वाढलेलं होतं. भात निवत चालला होता. कहाणी झाली होती, जेवायला हरकत नव्हती. मालनबाईंनी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि भिमाबाईची झोप होईस्तोवर तशाच बसून राहिल्या.