पडद्यावरची पिल्लं

दरवर्षी उन्हाळा जास्तच पेटत चालला होता. आज तर इमारतींमधल्या झाडावरून वटवाघळं टपाटप मरून पडत होती. मेलेल्या आयांना बिलगलेली जिवंत पिल्लं सोडवून टोपलीत ठेवताना डॉक्टरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारही बाजूंनी एसीची यंत्रं त्याच झाडावर गरम हवा ओकत होती.

वरच्या खिडकीतून दीर ओरडला, "वहिनी, काय घाण वास येतोय! झाडच तोडून टाकू, कटकट मिटेल."

"जग तापवायचं आपण, आणि घर मोडायचं यांचं?"

टोपली घेऊन त्या तरातरा जिना चढल्या, दिराच्या गारेगार खोलीत शिरल्या आणि एकेक पिल्लू त्यांनी पडद्याला लटकवलं.

"अहो वहिनी, हे काय!"

"झाड तोडायचंय ना, भावजी? खुशाल तोडा. ही आता इथेच राहतील."