डोमाजीचा अर्धा मृदंग

वडनेरात मृदंग करणारं घर एकच, डोमाजीचं. त्या घराची रीत मोठी अजब. कारागीर मेला, की त्याच्या हातून अर्धं राहिलेलं वाद्य पुरं करायचं नाही, तसंच आढ्याला टांगायचं. डोमाजीच्या बापाचा आणि आज्याचा असे दोन मृदंग तिथं लटकत होते, एका बाजूनं मढवलेले, दुसऱ्या बाजूनं आ वासलेले.

"पुरं केलं, का कारागीर नवं काम मांगाले येते," डोमाजी सुनेला सांगायचा. "अर्धं राह्यलं तं त्यातच गुतून राह्यते. कोणाले तरास नाई."

म्हातारा भारी हट्टी. डाव्या हाताची करंगळी लाकूड तासायच्या वाकसानं तुटलेली, तरी त्याच्यासारखी थाप तालुक्यात कोणाची नव्हती. स्वयंपाकघरात शिरण्याआधी तो खाकरायचा आणि सून अनुसया झटकन डोईवर पदर ओढायची. नवऱ्याशी मात्र ती उघड्या डोक्यानं बिनधास्त भांडायची. माघात डोमाजी गेला. त्याचा शेवटचा मृदंग उजव्या बाजूनंच मढवून झाला होता, तोही तसाच आढ्याला गेला.

चैत्रात भजनी मंडळाचे पुंडलिकराव आले. रामनवमी तोंडावर, आणि मंडळाचा मृदंग फुटलेला. नवा करायला वाळलेलं खोड घरात नव्हतं. डोमाजीचा पोरगा तानबा आढ्याकडे बघून नाही म्हणत होता. बोलली ती अनुसयाच.

"अजी, द्या ना तुमच्या बापाचा मढवून. देवाचं काम हाये. काय उंदरं नाचवता त्याच्यावर?"

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढं गावानं सगळा दोष बाईवर टाकला. अहो, हात तर तानबाचे होते ना? त्यानं चामड्याची डावी पुडी चढवली, ती ताणायच्या वाद्या ओढल्या. अनुसयानं कणीक मळून दिली. डाव्या पुडीवर ओली कणीक थापल्याशिवाय आवाज घुमत नाही, आणि वाजवून झालं की ती खरवडून काढावी लागते, नाहीतर चामडं कुजतं. वाजवून बघितल्यावर तानबानं ती खरवडली. तिनं स्वतः पाहिलं.

सकाळी पुडीवर पुन्हा ओली कणीक होती. तिच्यात डाव्या पंजाची बोटं उमटलेली. करंगळीची जागा कोरी.

"असली मस्करी कराले लाज नाई वाटत?" ती नवऱ्यावर खेकसली.

"म्या नाई केलं वं," तानबा म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. त्यानं कणीक खरवडली, आणि दुसऱ्या सकाळी ती परत तिथं होती.

मग तानबाची डावी करंगळी आत दुमडली, ती सरळ होईना.

"दुखते का?"

"नाई. तिथं काईच नाई वाटत."

एका भरदुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि आत शिरण्याआधी खाकरला. अगदी डोमाजीसारखा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. सासरा गेला त्याचं तिनं रीतीनं रडून घेतलं होतं. पण तानबा जात होता, जिवंतपणी, तिच्या डोळ्यांदेखत. तिला तिचा भांडखोर नवरा परत हवा होता, बाकी काही नको.

चामडं कापायची रापी घेऊन तिनं डावी पुडी उभी फाडली.

"घ्या मामाजी, झालं पुन्हा अर्धं! बसा आता यातच. माह्या माणसाले सोडा!"

मृदंग गप्प पडून राहिला. तिला रडू फुटलं, मग हलकं वाटलं. डोळे पुसून ती अंगणात आली. तानबा पाठमोरा बसला होता. कुठून आणलं कोण जाणे, शिवणीच्या झाडाचं नवं खोड पुढ्यात घेऊन वाकसानं तासत होता.

"अजी," ती म्हणाली, "पाहा ना इकडं."

त्यानं मान वळवली नाही. आधी खाकरला.

"सूनबाई," तो म्हणाला, "थोडी कणीक मळून ठेवजो."

अनुसयाचा हात आपोआप वर गेला आणि तिनं डोईवर पदर ओढला.