दुसरी पंगत

पहिल्या निवडणुकीच्या पेट्या बैलगाड्यांतून गोंडपिपरीकडे गेल्या, त्याच हिवाळ्यात वारलूदादा धाकट्या भावाच्या अंगणात जेवायला आला.

धान मळून झालं होतं. तलावाकाठच्या लहानशा प्रार्थनाघरात उपकारस्तुतीचा दिवस होता, मागच्या अंगणात नव्या तांदळाचा भात रटरटत होता. हा धाकटा भाऊ दसरू इथला उपदेशक. लोक त्याला मास्तर म्हणत. त्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून दादा त्याच्या शेजारी घास घ्यायला बसला नव्हता. दादा पाण्यात जाळं टाकी, दसरू तलावाच्या पाळीवरून, बांधावरून जाई, आणि दोघंही पाण्याकडे बघत. या वर्षी दसरूनं घरी जाऊन आर्जवं केली, एक घास तरी. दादा हो म्हणाला नाही. पण धुतलेलं धोतर नेसून आला, अन् अगदी मागं, दारापाशी टेकला.

त्याला पाहिलं आणि दसरूचा गळा मोकळा झाला. उपदेश सोडून तो गायलाच लागला, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्यावर स्वतः जुळवलेलं, आईच्या जात्यावरच्या चालीत:

राजा कमरेले पंचा बांधे, वाके चाकराच्या पाया
त्याच्या ओंजळीत पाणी, पाण्यामंदी त्याची माया

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दादा मान खाली घालून ऐकत होता.

पहिली पंगत वडीलधाऱ्यांची. तीत दसरूही बसला. दादानं सांगितलं, मी मागून बसतो. पंगत उठली आणि उष्ट्या पत्रावळी तशाच राहिल्या. त्या उचलायच्या असतात हे कुणाच्या मनातही येत नसे, कारण सोनीबाई होती. सोनीबाई विधवा. तिच्या हातचं पाणी गाव पीत नसे. दसरूचा बाप्तिस्मा ज्या दिवशी, ज्या तलावात झाला, त्याच दिवशी, तिथंच तिचाही झाला होता. तेव्हापासून झाडणं तिचं, उष्टं तिचं.

आज ती हिवतापानं पडून होती. दसरूला ठाऊक होतं. सकाळीच त्यानं नाव घेऊन तिच्यासाठी प्रार्थना केली होती, मोठ्या गोड शब्दांत.

दुसरी पंगत उभी होती. भात निवत होता. दसरूच्या पायापाशी त्याचीच पत्रावळ होती, कडेला वांग्याचं देठ आणि चार शितं. वाकायचं तेवढं होतं. पण अंगात पांढरा कोट होता, वडीलधारे बघत होते, आणि दादाही बघत होता. दादासमोर उष्टं उचलायचं? त्यानं सोनीबाईला बोलावणं धाडलं.

ती वाकळ गुंडाळून, भिंतीला धरत आली. वाकली, उचललं, पुन्हा वाकली. दसरूची पत्रावळ तिच्या हातून निसटली, तेव्हा खाली बसून तिनं शितं वेचली. पाणी शिंपडून ती निघून गेली.

दुसरी पंगत बसली. दादा तिच्यात नव्हता.

उन्हं कलायला लागली तशी दसरू दादाच्या घराकडे निघाला. काय सांगायचं ते वाटेनं जुळवत होता. दारात वहिनी सूप पाखडत होती. ती म्हणाली, "थे तं तुमच्याच घरी जेवाले गेले न?"

दसरू तसाच मागं फिरला. कुठं जावं कळेना. पाय सोनीबाईच्या झोपडीकडे वळले. या उंबरठ्यावर उभं राहून त्यानं कितीदा प्रार्थना केली होती. आत कधी बसला नव्हता. आत धूर होता. चुलीपाशी दादा, मडक्यात पेज ढवळत. सोनीबाई कोपऱ्यात निजली होती.

दादानं मागं पाहिलं नाही. "वाटंत पडली होती. उचलून आणलं."

"दादा, मी..."

"गाणं चांगलं म्हणतोस तू. मायची चाल हाये." दादानं मडकं उतरवलं. "पण माय दळता दळता गाये, दसरू. तिचा हात थांबत नोहता."

दादानं पळसाची पानं ओढून द्रोण वळले. एक सोनीबाईचा, एक स्वतःचा. थोडं थांबून आणखी एक.

"बस," तो म्हणाला.

बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदाच दोघं भाऊ एका चुलीचं खात होते. चूल सोनीबाईची होती. पेज गरम होती.

खाणं झालं तसं दसरूनं तिन्ही द्रोण गोळा केले. सोनीबाई कोपरावर उठू लागली. "राहू द्या मास्तर. उद्या मी उचलतो न."

ते 'उद्या' ऐकून त्याला मान वर करवेना. तो परसात गेला, द्रोण उकिरड्यात टाकले. टाकता टाकता त्यानं वळून दाराकडे पाहिलं, दादा बघतो का म्हणून. आणि आपण पाहिलं हे ध्यानात येताच कानशिलं तापली.

दादा पाठमोरा बसून राखेनं मडकं घासत होता.