चार मिनिटं बारा सेकंदांनंतर

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी, कॉफी ओतता ओतता, ऐला सहज म्हणावं तसं म्हणाली, "मला सुवीचा आवाज आठवेनासा झालाय रे." रेइयो पावाला लोणी लावत राहिला, पण दुपारी तो माळ्यावर चढला आणि लोकरी मोज्यांच्या खोक्यातून मुलीच्या संगणकाची हार्ड डिस्क काढून घेऊन आला. संगणक केव्हाच मोडीत गेला होता. सुवीला जाऊन येत्या एप्रिलमध्ये अकरा वर्षं होणार होती; गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ती अकॉर्डियन वाजवायची आणि आपला रियाज रेकॉर्ड करून ठेवायची, पण ज्या प्रोग्राममध्ये ते सगळं होतं तो आता कुठे मिळत नव्हता, आणि त्याच्या फायली दुसऱ्या कशातही उघडत नव्हत्या.

गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात रौनी नावाची बाई बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करत बसायची. तिनं त्या काळातलाच एक संगणक धुंडाळून काढला आणि त्यात दोन डिस्क बसवल्या. एकीवर त्यानंतरचं, नवं विंडोज एक्सपी टाकलं; दुसरी सुवीची, जिच्यावर तिचं विंडोज ९८ जसंच्या तसं होतं. बटण दाबलं की यंत्र आधी विचारायचं, कुठल्यात जायचं?

"आधी जुन्यात जायचं," रौनी म्हणाली, "तिच्या प्रोग्राममध्ये एकेक रेकॉर्डिंग उघडून साध्या फाईलमध्ये साठवायचं. मग नव्यात यायचं आणि ते पेनड्राइव्हवर उतरवायचं, जुन्याला पेनड्राइव्ह ओळखता येत नाही. एकेचाळीस आहेत. दोन दिवसांचं काम."

"अख्ख्या डिस्कचीच नक्कल काढली तर?"

"मी काय गोट्या खेळत होते? तीनदा काढून बघितली, तिन्ही वेळा मध्येच अडकली. ऐकतोयस ना, कशी घासतेय? प्रत्येक वेळी सुरू करताना ही शेवटचीच खेप असं धरून चाल, म्हाताऱ्या. उगाच ऐकत बसू नकोस. काढ, उतरव आणि बंद कर."

सुवीच्या खोलीत, तिच्याच टेबलावर, रेइयोनं यंत्र मांडलं. ऐला वर आली नाही. "सगळी निघाली की खाली आण," ती जिन्याखालून म्हणाली, "एकदमच ऐकेन. तुकड्या तुकड्यानं मला झेपायचं नाही."

त्यानं सुरुवात शेवटच्या रेकॉर्डिंगपासून केली, कारण ते ती गेली त्या शनिवारचं होतं. चार मिनिटं बारा सेकंद. आधी वॉल्ट्झची एक धून, मध्ये एकदा चुकून "श्शी!" असं तिचं स्वतःवरच वैतागणं, पुन्हा वॉल्ट्झ, आणि शेवटी अकॉर्डियनचा भाता मिटताना सोडतो तो उसासा. तेवढ्या एका "श्शी"साठी तो बराच वेळ तोंडावर हात धरून बसला. मग सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, नव्यात गेला, फाईल उतरवली, आणि पुढचं रेकॉर्डिंग काढायला जुन्यात परतला तेव्हा, फक्त एकदा, म्हणून त्यानं तेच पुन्हा लावलं.

उसाशानंतर खुर्ची सरकली. वेळ दिसत होती चार मिनिटं एकोणीस सेकंद.

आपलं वाचण्यात चुकलं असेल असं समजून त्यानं नव्यात जाऊन पाहिलं. तिथं चार-बाराच होतं, आणि खुर्ची नव्हती. परत जुन्यात आला, तर खुर्ची होती आणि तिच्यामागून दार उघडल्याचा आवाजही. ती रेकॉर्डिंग बंद करायला विसरूनच खोलीबाहेर पडली असणार, हे त्याला कळलं. पण पुढच्या दिवसांत जे ऐकू येत गेलं ते कळण्यापलीकडचं होतं. दर खेपेला पाच-सात सेकंद वाढायचे, सुवी जिन्याच्या आणखी एक-दोन पायऱ्या उतरायची, आणि खोलीतल्या मायक्रोफोनपासून लांब जाणारी तिची पावलं मुळीच पुसट होत नव्हती. जणू ऐकणारा खालीच उभा होता आणि ती त्याच्याकडे येत होती.

खाली काय झालं ते रेइयोला ठाऊक होतं. अकरा वर्षांत त्यानं ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या शनिवारी तो स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून होडीच्या इंजिनाचा कार्ब्युरेटर साफ करत होता. पाठीवर अकॉर्डियन अडकवून सुवी दारात आली आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर तालमीला गाडीनं सोडतोस का म्हणाली. त्यानं वर न पाहताच सांगितलं होतं, हात बरबटलेत, सायकलनं जा. सायकलनं तळ्याला वळसा घालून जायला पाऊण तास लागायचा. तिनं गोठलेल्या तळ्यावरून जवळची वाट धरली. आणि एप्रिलमधलं, आतून पातळ झालेलं बर्फ ते.

आता ती पुन्हा उतरत होती. त्याला फक्त तो प्रश्न यायला हवा होता. त्यानंतर काय हवं होतं, हे तो स्वतःशीही नीट बोलत नव्हता. डिस्कची घरघर वाढत गेली. बाकीची रेकॉर्डिंगं एकेक करून उघडेनाशी झाली.

"किती झाली?" ऐला जेवताना विचारायची.

"वीसेक," तो सांगायचा. झाली होती सहा.

तिसऱ्या आठवड्यात ऐलाला बाजारात रौनी भेटली आणि म्हणाली, अगं, यंत्र अजून परत कसं आलं नाही? त्या दुपारी ऐला अकरा वर्षांत पहिल्यांदा तो जिना चढून वर आली. रेइयोकडे आणि पडद्याकडे तिनं आळीपाळीनं पाहिलं.

"उरलेली गेली ना?"

त्यानं मान डोलावली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मग जे ऐकत बसतोस ते तरी ऐकव."

वॉल्ट्झ झाला. "श्शी!" आलं तेव्हा ऐलाचे डोळे भरून वाहू लागले, पण तिनं ते पुसले नाहीत. भाता मिटला, खुर्ची सरकली, दार उघडलं. तेराच्या तेरा पायऱ्या उतरून झाल्या, आणि सुवीचा धाप लागलेला, हसरा आवाज अगदी कानाशी आला, "बाबा, सोडतोस मला?"

उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. रेइयोच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "हो गं, चल, आलोच," आणि त्याच्या त्या शब्दांवरच यंत्रातून थकलेलं, वर न पाहता दिलेलं उत्तर आलं, "हात बरबटलेत, सायकलनं जा."

डिस्क एकदा खरवडली आणि थांबली. पडदा काळा झाला. रेइयोनं बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. निवड विचारायचं सोडून यंत्र आता एकटं नवंच उघडत होतं.

"ऐकलंस?" तो अखेर म्हणाला. "मीच पाठवलं तिला. अकरा वर्षं तुला सांगायचं होतं."

ऐला पलंगावरून त्याच्याकडे वळली.

"तू?" ती म्हणाली. "तू कुठे होतास घरात? सकाळपासून सौनाच्या न्हाणीघराची चूल दुरुस्त करत होतास तळ्यावर. मी पुल्लाच्या गोड पावाची कणीक मळत होते. तिनं मला विचारलं, रेइयो. आत्तासुद्धा मलाच विचारलं. 'आई,' म्हणाली. दोनदा म्हणाली. आणि तो आवाज माझा होता."

खिडकीबाहेर तळं पांढरंफट पसरलेलं होतं. ऐला मांडीवरच्या हातांची बोटं एकमेकांवर चोळत होती, चिकटलेलं काही सुटावं तशी, सावकाश, एकेक. आणि आपणही केव्हापासून तेच करतोय, हे रेइयोला बऱ्याच वेळानं कळलं.