ओपलच्या पुड्या

‘गोल्डन लँटर्न’ बंद पडलं आणि माझ्या सासऱ्यांनी शुक्रवारी आमच्याकडे यायचं बंद केलं. हॉटेल बंद पडलं यात माझा काय दोष, ते त्यांनाच ठाऊक!

व्हर्लिन त्यांचं नाव. बायको, म्हणजे ओपल, गेल्यापासून त्यांचा अख्खा आठवडा शुक्रवारवर उभा होता. संध्याकाळी सहाला त्या चिनी हॉटेलातून ऑरेंज चिकन आणायचं, आमच्या टेबलाशी बसून थेट पुठ्ठ्याच्या डब्यातून खायचं आणि ‘आज सॉस कमी घातलाय’ म्हणून कुरकुरायचं. ओपलबरोबर चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. मग म्हातारा मालक मुलीकडे ह्यूस्टनला गेला. दुसऱ्या चिनी हॉटेलाचे भाव ऐकून व्हर्लिन भडकले आणि गेले तीन शुक्रवार घरी एकटेच टोस्ट खात बसले. माणूस वाळत चालला होता. मला बघवेना.

“आपण घरीच करू या,” मी नवऱ्याला म्हटलं.

“घरचं म्हटलं की डॅड तोंडात घालणार नाही,” कर्टिस म्हणाला.

“मग घरचं म्हणायचंच कशाला? मालकाने जाताना दिलेले लँटर्नचे कोरे डबे पडलेत माझ्याकडे.”

कर्टिस हसत सुटला. मला तेवढा होकार पुरे होता. त्याने लगेच वडिलांना फोन करून ठोकून दिलं, “लँटर्नचा आचारी आता घरून डबे देतो. ये सहाला.”

कोंबडीच्या मांड्या स्वस्त मिळाल्या. तुकडे केले, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवले, तळले, कुरकुरीत व्हावेत म्हणून पुन्हा तळले. स्मोक अलार्म बोंबलायला लागला. कर्टिस स्टुलावर चढून टॉवेल फिरवतोय, मी हसून हसून झारा खाली पाडलाय, असा सगळा तमाशा. संत्र्याचा रस, साखर, व्हिनेगर उकळायला ठेवलं आणि लक्षात आलं, घरात सोया सॉसच नाही! घड्याळात पावणेसहा.

तेव्हा ओपलचा कॉफीचा डबा आठवला. हॉटेलच्या पिशवीतून आलेली सॉसची एकही पुडी तिने कधी टाकली नाही. शेकड्याने साठवलेल्या पुड्यांचा तो डबा ती गेल्यापासून माझ्या फडताळात होता. आम्ही कात्र्या घेतल्या आणि कोण आधी वीस फोडतो अशी शर्यतच लावली. कर्टिस जिंकला. कशात काय आहे ते वाचलं मात्र कुणीच नाही.

व्हर्लिन आले, बसले, डबा उघडला. पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. नाक गळायला लागलं, ठसका थांबेना. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावले.

“हे लँटर्नचं नाही,” ते धापा टाकत म्हणाले. मग माझ्या बाहीला चिकटलेली कापलेली पुडी त्यांनी ओढून काढली आणि चष्मा वर करून वाचली. “मिरची सॉस! ही कुठली गं?”

आता खोटं बोलून काय उपयोग? “ओपलच्या डब्यातली,” मी म्हटलं. “तुम्ही यावं म्हणून केलं सगळं, डॅड. चुकलंच.”

“चाळीस वर्षं!” त्यांनी टेबलावर मूठ आपटली. “चाळीस वर्षं बोंबलत होतो, बाई, फेकून दे तो कचरा! म्हणायची, राहू द्या हो, कधीतरी लागतील!”

आणि ते हसले. ओपल गेल्यापासून पहिल्यांदा, टेबल हलेपर्यंत हसले. मग रडले. आम्हीही रडलो. मग नाक पुसत त्यांनी तो जाळ डब्याच्या तळापर्यंत खाल्ला.

पुढच्या शुक्रवारी पाच वाजता फोन वाजला.

“ऑर्डर घ्या,” पलीकडून व्हर्लिन. “एक ऑरेंज चिकन. सॉस जास्त, तिखट बेताचं.”

“पार्सल का, साहेब?” मी हसू दाबत विचारलं.

“नाही, तिथेच बसून खाणार. आणि ऐक, त्या महागड्या हॉटेलात जाऊन आलो. विकत काही घेतलं नाही. नुसत्या पुड्या मागितल्या, खिसाभर. ओपलचा डबा रिकामा ठेवू नकोस.”